एका शब्दाचा मसुदा

बुडापेस्टच्या राष्ट्रीय सेचेनी ग्रंथालयात एका पत्राचा जर्मन मसुदा जपून ठेवला आहे. तारीख ६ मे १८६८. लिहिणारा कार्ल मारिया कर्टबेनी: जन्म व्हिएन्नाचा, आडनाव बदलून हंगेरियन झालेला, हंगेरियन कवी पेटोफीच्या कविता जर्मनमध्ये नेणारा. पत्र कार्ल हाइनरिख उलरिक्स या कायदेपंडिताला. चार नवे शब्द त्यात एका दमात येतात: मोनोसेक्शुअल, होमोसेक्शुअल, हेटरोसेक्शुअल, हेटरोजेनिट. पहिला हस्तमैथुनासाठी, शेवटचा पशुगमनासाठी. दोन्ही विस्मरणात गेले.

उलरिक्सपाशी स्वतःचा शब्द होताच. प्लेटोच्या ग्रंथातून घेतलेला 'उर्निंग' तो १८६४ पासून वापरत होता. त्याच्या मते पुरुषांवर प्रेम करणारा पुरुष म्हणजे पुरुषदेहातला स्त्रीचा जीव. कर्टबेनीची अडचण निराळी, वकिली वळणाची: दोघा सज्ञानांच्या संमतीत सरकारचे काम काय? पुरुषांमधले संबंध गुन्हा ठरवणारे प्रशियाचे कलम १४३ नव्या उत्तर जर्मन दंडसंहितेत शिरू पाहत होते. त्याविरुद्ध १८६९ साली लाइपझिगमध्ये निनावी पुस्तिका निघाल्या आणि 'होमोसेक्शुअल' पहिल्यांदा छापला गेला. पुस्तिकांवर नाव नसताना त्या कर्टबेनीच्या, असे आज ठामपणे म्हणता येते, त्यात या मसुद्याचा वाटा मोठा.

मला गंमत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. पत्रातला 'हेटरोसेक्शुअल' पुस्तिकांत नाही. तिथे त्याच्या जागी 'नॉर्मलसेक्शुअल' आहे. 'हेटरोसेक्शुअल' छापला गेला १८८० मध्ये, प्राणिशास्त्रज्ञ गुस्ताव येगरच्या ग्रंथात.

कलम काही टळले नाही. १८७१ मध्ये ते १७५ क्रमांकाने जर्मन साम्राज्याच्या संहितेत आले आणि १९९४ साली पुरते गेले. 'होमोसेक्शुअल' हा शब्द मात्र डॉक्टरांच्या हाती लागला. मनोविकारतज्ज्ञ क्राफ्ट-एबिंगच्या 'सायकोपाथिया सेक्शुआलिस'चे चॅडॉकने १८९२ साली इंग्रजी केले, त्यातून तो रोगाचे नाव म्हणून पसरला. लैंगिकतेचा इंग्रज अभ्यासक हॅवलॉक एलिसला तो रानटी संकर वाटे: निम्मा ग्रीक, निम्मा लॅटिन. आपल्या 'समलिंगी'वर हा आक्षेप घेता येत नाही; दोन्ही तुकडे संस्कृत.

समलिंगींविषयीच्या पूर्वग्रहाला नाव मिळायला पुढची शंभर वर्षे गेली. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज वाइनबर्ग यांचा 'होमोफोबिया' हा शब्द २३ मे १९६९ रोजी न्यूयॉर्कच्या 'स्क्रू' या साप्ताहिकात जॅक निकोल्स आणि लाइज क्लार्क यांच्या सदरात छापून आला. तिथे त्याचा अर्थ होता, आपल्यालाच लोक समलिंगी समजतील अशी समलिंगी नसलेल्या पुरुषांच्या मनातली धास्ती.