'कीचकवध' आणि १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा

मनोरंजन व्यवसायातील कायदेशीर प्रश्नांचा विचार करताना करार व स्वामित्वहक्क यांवर भर दिला जातो. तथापि मराठी रंगभूमीच्या इतिहासात याहून मूलभूत प्रश्न आढळतो. नाट्यप्रयोगाचा अर्थ ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

बंगाली रंगभूमीवरील राजकीय प्रहसनांमुळे अस्वस्थ झालेल्या ब्रिटिश सरकारने १८७६ साली नाट्यप्रयोग कायदा केला. बदनामीकारक, सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करण्याचा संभव असलेले किंवा प्रेक्षकांची नीती बिघडविणारे प्रयोग बंद करण्याचा अधिकार शासनास मिळाला. यातील 'संभव' ही कल्पना निर्णायक ठरली.

कृ. प्र. खाडिलकर यांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले. कथानक महाभारताच्या विराटपर्वातील होते. तरीही प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन आणि सैरंध्रीत पीडित भारत पाहिला. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. म्हणजेच बंदीचे खरे लक्ष्य पौराणिक कथा नसून प्रेक्षकांनी तिला दिलेला अर्थ हे होते.

स्वातंत्र्यानंतरही हा प्रश्न मिटला नाही. महाराष्ट्रात प्रयोगापूर्वी संहितेचे परीक्षण सुरू राहिले. विजय तेंडुलकर यांच्या 'सखाराम बाइंडर'साठी १९७२ साली दिग्दर्शक कमलाकर सारंग यांना मुंबई उच्च न्यायालयात दाद मागावी लागली आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. १८७६ चा कायदा रद्द करणारा केंद्रीय अधिनियम २०१८ साली अमलात आला. मात्र राज्यातील संहिता-परीक्षण त्या कायद्यावर आधारलेले नव्हते. सारांश, जुना कायदा इतिहासजमा झाला, तरी त्यामागील प्रश्न शिल्लक राहतो.