लोणकढी नजर

थाप मारणे वेगळे आणि लोणकढी थाप मारणे वेगळे. साधी थाप ऐकणाऱ्याने खरी मानावी म्हणून मारतात. लोणकढी थाप कुणी खरी मानणार नाही, या भरवशावर. या दुसऱ्या कलेत अमेरिकन माणसाचा हात कोण धरणार? तिथे डेव्ही क्रॉकेट नावाच्या शिकाऱ्याच्या थापांची चक्क पंचांगे १८३५ पासून छापत. गडी १८३६ साली अलामोच्या लढाईत मेला; पंचांगे पुढे जवळजवळ वीस वर्षे निघत राहिली!

या गादीवर २००५ साली बसला चक नॉरिस. कराटेपटू नट, १९७२ च्या चित्रपटात रोमच्या कलोसियममध्ये ब्रूस लीच्या हातून मेलेला. कॉलेजच्या पोरांनी त्याच्या नावाने थापांचा कारखाना काढला. नेमके त्याच वर्षी ‘गूगल अर्थ’ आले आणि घरोघरची कौले टेबलावर दिसू लागली. मग काय विचारता! गूगल म्हणे नॉरिसला शोधतच नाही. तोच तुम्हाला हुडकतो. मीही माझ्या परीने भर घालतो : नॉरिस नकाशा बघत नाही. तो नुसता डोळे वटारतो, आणि रस्ते निमूटपणे आपापल्या जागी जाऊन उभे राहतात.

आता एक खरी गोष्ट सांगतो. ती मात्र थाप वाटेल. ‘गूगल अर्थ’ ज्या कंपनीकडून आले, तिचे नाव ‘कीहोल’, म्हणजे कुलपाचे भोक. हेच अमेरिकेच्या हेर-उपग्रहांवरील कॅमेऱ्यांचे सांकेतिक नाव. त्यांतला पहिला ‘कोरोना’. तो आकाशातून फोटो काढी आणि फिल्मचे रीळ डब्यात घालून खाली सोडी. डबा पॅराशूटने तरंगत येई आणि हवाई दलाचे विमान तो वरच्यावर आकड्यात अडकवी! ऑगस्ट १९६० मध्ये हवाई बेटांजवळ हे प्रथम साधले. त्या वेळी आपला नॉरिस कुठे होता? त्याच हवाई दलात, साधा पोलीस शिपाई!

सरकारने हे प्रकरण १९९५ पर्यंत झाकून ठेवले. म्हणजे जग कुलपाच्या भोकातून दिसत होते, पण भोकाला डोळा कुणाचा, हे जगाला ठाऊक नव्हते. गच्चीवरचे आपले वाळत घातलेले लेंगेसुद्धा वरून दिसतात म्हटल्यावर साध्या माणसाने करावे तरी काय? वर रोखून बघणारा आणि उपग्रहाला मान खाली घालायला लावणारा एक तरी गडी आपल्या बाजूला असावा, असे वाटणारच. मग तो लोणकढी का असेना!