डायरेक्ट पार्ट मार्किंग
'''डायरेक्ट पार्ट मार्किंग''' किंवा '''थेट अंकन''' म्हणजे यंत्राच्या सुट्या भागावर अथवा उपकरणावर लेबल न चिकटवता त्याच्या पृष्ठभागावरच कायमस्वरूपी ओळखखूण उमटवण्याची पद्धत होय. उष्णता, तेल, घर्षण किंवा निर्जंतुकीकरणाची वाफ यांमुळे लेबल जेथे टिकत नाही, तेथे ही पद्धत वापरतात. ही खूण बहुधा डेटा मॅट्रिक्स या द्विमितीय संकेताची असते व ती हातात धरून वापरावयाच्या इमेजरने वाचली जाते.

== संकेताची रचना ==
डेटा मॅट्रिक्स हा लहान लहान चौकटींचा बनलेला असतो. त्याच्या लगतच्या दोन कडा अखंड असतात, तर उरलेल्या दोन कडांवर गडद व फिक्या चौकटी आलटून पालटून येतात. त्यांवरून संकेताची दिशा व चौकटींची संख्या कळते. सर्वांत लहान संकेत १० × १० चौकटींचा असून त्यात ६ अंक मावतात. रीड-सॉलोमन दोषनिवारणामुळे काही भाग खरवडला गेला तरी मजकूर परत मिळवता येतो.

== अंकनाच्या पद्धती ==
* '''डॉट पीन''' – कठीण टोकाच्या सुईने धातूवर ठिपके ठोकले जातात. खूण खोल असते. मात्र पातळ किंवा ठिसूळ भागांना ही पद्धत मानवत नाही.
* '''लेझर''' – पृष्ठभाग कोरला जातो किंवा उष्णतेने त्याचा रंग बदलला जातो.
* '''विद्युत-रासायनिक कोरण''' – स्टेन्सिल, क्षारयुक्त द्राव व विद्युतप्रवाह यांच्या साहाय्याने धातूवर खूण उमटवतात.
* '''इंकजेट''' – शाईचे थेंब फवारले जातात.

== वाचन ==
कागदावरील बारकोडात काळ्या-पांढऱ्याचा भेद स्पष्ट असतो. ठोकलेली खूण व तिच्या भोवतालचा धातू यांचा रंग मात्र एकच असतो. त्यांतील भेद प्रकाशयोजनेने निर्माण करावा लागतो. सपाट भागावर तिरपा प्रकाश टाकल्यास गुळगुळीत पृष्ठभागावरून तो कॅमेऱ्यापासून दूर परावर्तित होतो आणि ठिपक्यांच्या कडा उजळून दिसतात. चकचकीत व वक्र भागांसाठी विसरित प्रकाश उपयोगी पडतो. म्हणून या कामासाठीच्या इमेजरमध्ये एकाहून अधिक प्रकारची प्रकाशयोजना असते. एकाच रेषेत फिरणारा लेझर स्कॅनर द्विमितीय संकेत वाचू शकत नाही. इमेजर संपूर्ण प्रतिमा टिपतो. डॉट पीनचे ठिपके परस्परांना चिकटलेले नसल्याने ते जोडून अखंड कडा ओळखणारी आज्ञावलीही आवश्यक असते.

== उपयोग व महत्त्व ==
अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २००३ मध्ये लष्करी वस्तूंच्या अनन्य ओळखीचे धोरण स्वीकारले. तेथील अन्न व औषध प्रशासनाच्या २०१३ च्या नियमानुसार, पुन्हा वापरावयाच्या व प्रत्येक वापरापूर्वी निर्जंतुक कराव्या लागणाऱ्या वैद्यकीय उपकरणांवर ओळखखूण थेट उमटवावी लागते. विमानांचे भाग व मोटारींची इंजिने यांच्यावरही अशा खुणा असतात. सदोष तुकडी परत मागवताना नेमका भाग याच खुणेवरून शोधता येतो. खूण वाचली गेली नाही, तर क्रमांक हाताने नोंदवावा लागतो. त्यातील एक अंक चुकला तरी एका भागाचा इतिहास दुसऱ्याच्या नावे लागू शकतो. त्यामुळे अंकन होताच खुणेची वाचनीयता तपासतात. या तपासणीसाठी आयएसओ/आयईसी २९१५८ हे मानक आहे.