शिरक्यातील नाणी

इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत जुन्या वाड्यांच्या भिंतींना रस्त्याच्या बाजूने लहान कमानदार झरोके आढळतात. त्यांची उंची जेमतेम फूटभर. उमराव घराण्यांनी सोळाव्या शतकापासून आपल्या मळ्यांतील द्राक्षारस थेट गिऱ्हाइकास विकता यावा म्हणून ते पाडले. १६३० साली नगरात प्लेग शिरला आणि विक्रीच्या सोयीसाठी केलेल्या या झरोक्यांना निराळेच मोल आले.

फ्रान्चेस्को रोन्दिनेल्ली या विद्वानाने त्या साथीचा वृत्तान्त लिहिला. तो १६३४ साली छापला गेला. विक्रेता नाण्यांना हात लावीत नसे. धातूच्या पळीत ती घेऊन तो तडक शिरक्यात टाकी. गिऱ्हाइकाचे भांडे आत घेण्याऐवजी नळीवाटे बाहेरच भरून देई. वस्तूस स्पर्श केल्याने रोग जडतो, हा त्या काळचा समज. प्लेगचा जंतू हाँगकाँग येथे १८९४ साली येर्सिनला सापडला आणि उंदरावरील पिसू तो पसरविते हे सिमाँने १८९८ साली कराचीत दाखविले. त्यापूर्वीच्या माणसांना शिरक्यावाचून दुसरे काय सुचणार? त्यांना हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. २०२० साली आमच्याकडेही दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या जात होत्या आणि किराणा दोन-दोन दिवस पडवीत पडून राहत होता. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये सांगितले, की दूषित वस्तूच्या एका स्पर्शातून कोविड होण्याचा संभव सामान्यतः दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. हात धुण्याचा सल्ला मात्र कायम राहिला.

तथापि फ्लॉरेन्सचे खरे शहाणपण आम्हांस शिरक्यात दिसत नाही. ते शिध्यात दिसते. जानेवारी १६३१ मध्ये नगरात चाळीस दिवसांचा सक्तीचा गृहवास पुकारला गेला. हातावर पोट असलेला मनुष्य उपाशीपोटी दाराआड किती दिवस बसेल? आरोग्य मंडळाने हे ओळखले आणि तीस हजारांवर लोकांच्या दारी अन्न, द्राक्षारस व सरपण पोहोचविले. प्रत्येकास रोज दोन पाव आणि सुमारे अर्धा लिटर द्राक्षारस. (कुणी भुवया उंचावू नयेत, तेथे तो रोजच्या जेवणाचाच भाग होता.) रविवारी, सोमवारी व गुरुवारी मांस, मंगळवारी मिरी, बडीशेप व रोझमेरी घातलेले सॉसेज, उरलेल्या दिवशी तांदूळ व चीज. शुक्रवारी त्याच्या जोडीला कडू-गोड पाल्याची कोशिंबीर असे. शुक्रवारचा मांसत्याग साथीतही सुटला नाही, हे आमच्या वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. काही श्रीमंतांनी या खर्चाबद्दल कुरकुर केली. गरीब लोक त्यामुळे आळशी होतील, अशी त्यांना भीती! हा युक्तिवाद आमच्या कानांस फारसा अपरिचित नाही.

या शिध्याच्या गाड्या दारोदार नेणाऱ्यांना मात्र दाराआड बसण्याची मुभा नव्हती. नगर घरात राहावे म्हणून त्यांना रस्त्यावर राहणे भाग होते. आमच्या पाहण्यातल्या वसाहतींत २०२० च्या एप्रिलमध्ये हेच काम सायकलवरून किराणा आणणारी मुले करीत होती. सामान फाटकाशी ठेवायचे, चार पावले मागे सरायचे आणि पैसे दगडाखाली ठेवले जाईपर्यंत उन्हात उभे राहायचे. काही घरांनी त्या दगडाशेजारी पाण्याची बाटलीही ठेवली होती.