राजाचा गळ

अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहणारी वाघूर पावसाळ्यात गर्जते व उन्हाळ्यात डोहांपुरती उरते. दख्खनच्या अशाच ऋतुबद्ध नद्यांवर सत्ता चालविणाऱ्या कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्याने इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण घातले आहे. गळ, दोरी व आमिष यांबरोबरच माशांच्या जाती आणि त्यांना घालावयाचा चारा यांचेही विवेचन त्यात आहे. मारण्यापूर्वी पोसणे, हा त्या खेळाचा भाग होता. पुढे डोहांत सुरुंगाची दारू व विष पडू लागले. १८९७ साली कायद्याने ते निषिद्ध करावे लागले. उन्हाळ्यात डोहात तगलेले मासेच पावसाळ्यात अंडी घालण्यास प्रवाहाविरुद्ध चढतात. तो डोहच निर्जीव केला, तर गळ टाकावयाचा कोठे?