वर्गणी आणि मालकी

आमच्या कर्जत-खालापुरात जत्रा असो की उरूस, जो वर्गणी देतो तो हिशेबही विचारतो. फुटबॉलचा इतिहास वेगळे काय सांगतो?

मुंबईत १९६२ साली उभा राहिलेला महिंद्राचा संघ २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकला. २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला. चाहते हळहळले, पण त्यांना विचारतो कोण?

इंग्लंडमधला कर्जात बुडालेला पोर्ट्समथ क्लब २०१३ मध्ये चाहत्यांनी हजार-हजार पौंडांचे शेअर घेऊन वाचवला. पुढे जुन्या मैदानाच्या दुरुस्तीचा खर्च पेलेना. वाद झाले. अखेर २०१७ मध्ये मतदान करून त्यांनी तो अमेरिकी उद्योगपतीला विकला.

क्लब हातचा गेला, मात्र निर्णय त्यांचाच होता. श्रोतेहो, संघ वाचवायचा तर नुसत्या टाळ्या पुरत नाहीत. त्यात आपला वाटा असावा लागतो.