मुरीचे नाव आणि तिचा ओढा

सह्याद्रीतल्या उथळ ओढ्यात दगड उचलला, की बोटाएवढा मातकट मासा चटकन दुसऱ्या दगडाखाली शिरतो. त्याच्या तोंडाभोवती मिशांच्या तीन जोड्या असतात. ही मुरी. तिच्या नावाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांना मुंबई सरकारने १८२४ मध्ये दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्यास नेमले. जमीन, पिके, लोकसंख्या यांच्या नोंदी करता करता त्यांनी नद्यांतले मासेही तपासले. १८३९ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने त्यांची वर्णने छापली. नव्या जातींना साइक्स यांनी अनेकदा स्थानिक मराठी नावेच दिली. अशाच नावांतून मळ्याचे ‘मुल्या’, शिंगटीचे ‘सिंगटी’ आणि मुरीचे ‘कोबिटिस मूरेह’ झाले.

मात्र १८२२ मध्येच फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी बंगालमधल्या अशाच एका माशाचे नाव ‘कोबिटिस बोटिया’ ठेवले होते. दोन्हींच्या शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूस काळा ठिपका असतो. पुढे अनेक अभ्यासकांनी दोघांना एकच मानले. नामकरणाच्या नियमानुसार आधीचे नाव टिकते, म्हणून ‘मूरेह’ मागे पडले. २०१५ मध्ये सिंगर आणि पेज यांनी या गटाची फेरतपासणी करून महाराष्ट्रातली मुरी वेगळी ठरवली. तिचे आजचे नाव ‘पॅराकँथोकोबिटिस मूरेह’.

नावाने काय बिघडते? ‘बोटिया’ म्हणून नोंद झाली, तर हा दूरवर पसरलेला सामान्य मासा ठरतो. इथला ओढा बुजला तरी कागदावर काहीच नष्ट होत नाही.

दुसरे उदाहरण पुण्याचेच. १८७२ मध्ये फ्रान्सिस डे यांनी पुण्याहून ‘इव्हेझार्डी’ ही जाती वर्णिली. हिच्या नाकपुडीचे टोकही मिशीसारखे लांब असते, त्यामुळे चौथी जोडी असल्याचा भास होतो. हे एकच नाव फार मोठ्या प्रदेशासाठी वापरले जाई. २०२१ मध्ये याच ‘इंडोरिओनेक्टिस’ प्रजातीतल्या दोन नव्या जाती उत्तर सह्याद्रीतून जाहीर झाल्या: गोदावरी खोऱ्यातली ‘नीलेशी’ आणि कृष्णा खोऱ्यातली ‘राजीवी’. असे लहान मासे डोंगराची धार ओलांडू शकत नाहीत. खोरी वेगळी राहिली, की दीर्घ काळात जातीही वेगळ्या होतात.

म्हणून ओळख पटवताना पत्ता महत्त्वाचा. नवीन पनवेलजवळची गाढी नदी माथेरानच्या डोंगरातून येऊन पनवेलच्या खाडीला मिळते. दख्खनच्या नद्या पूर्वेला जातात. पुण्याचे नाव इथल्या माशाला तपासल्याविना लावू नये. शिक्षकांनी मुलांकडून ओढ्याचे नाव, तारीख, तळाचे दगड, पाण्याचा वेग, मिशांची संख्या, ठिपके आणि गावातले नाव लिहून घ्यावे. मासा पाण्यातच सोडावा आणि उचललेला दगड होता तसाच परत ठेवावा.